टायनी टिम मस्ती करत नाही का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या बालपुरवणीत नाताळनिमित्त ‘अ ख्रिसमस कॅरोल’चं छोटं रूपांतर आलं होतं, ते मी माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला वाचून दाखवलं. तो स्वतः पायात आधाराचं कॅलिपर घालतो, त्यामुळे त्यातला कुबडीवाला छोटा मुलगा, टायनी टिम, त्याला लगेच आवडेल असं मला उगाच वाटलेलं. तर पठ्ठ्या म्हणतो, "मावशी, हा मस्ती कधीच करत नाही का गं?"

मला काही उत्तर सुचेना, मग मूळ पुस्तक काढून बसले. डिकन्सचं १८४३ चं पुस्तक आहे आणि त्यातला टिम करतो की मस्ती! आई भाजलेला गूज (हंसासारखा पक्षी) कापायला घेते, आतलं सारण बाहेर येतं, तशी धाकटी दोघं भावंडं चेकाळतात आणि त्यांच्या नादाने हाही सुरीची मूठ टेबलावर आपटत बारीक आवाजात हुर्रे ओरडतो. त्याआधी तीच दोघं त्याला उचलून धुण्याच्या खोलीत नेतात, कशाला तर कपडे उकळायच्या मोठ्या भांड्यात पुडिंग शिजतंय त्याचा आवाज ऐकायला! हे सगळं तुम्ही कापलंत आणि ठेवलं काय, तर बापाच्या खांद्यावरचा केविलवाणा चेहरा न् शेवटचा आशीर्वाद. चित्रातसुद्धा कुबडीच मोठी, पोरगा कुठे शोधावा लागतो.

अजून एक. टिमला कुठला आजार आहे ते डिकन्स सांगत नाही, पण घरात सहा पोरं आणि बाप बॉब हा स्क्रूज नावाच्या कंजूष मालकाकडे आठवड्याला पंधरा शिलिंगवर राबतो, हे सांगतो. असंच चालू राहिलं तर हा मुलगा मरेल, असं भूत स्क्रूजला स्पष्ट बजावतं, वर गरीब मेले तर तेवढीच जास्तीची लोकसंख्या कमी होईल हे त्याचंच बोलणं त्याच्या तोंडावर मारतं. तुमच्या रूपांतरात स्क्रूजला नुसतीच दया येते. अहो, शेवटी तो बॉबचा पगार वाढवतो, निदान ती एक ओळ तरी ठेवायची! पगार म्हणजे काय ते आठ वर्षांच्या पोराला बरोब्बर कळतं.

बाकी मूळ प्रसंग वाचून दाखवल्यापासून भाचा रोज जेवताना ताटावर चमचा आपटून हुर्रे करतोय आणि ताई माझ्यावर वैतागलीय, तेव्हा पुढचं पत्र बहुतेक तिचं येईल.

आपली,
एक वाचक मावशी