गुठळी शोधायची तर आधी पोटरी पाहा

महोदय,

फ्लू, कोविड किंवा तशाच एखाद्या विषाणूने न्यूमोनिया होऊन रुग्ण दाखल झाला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डी-डायमर किती आला?’ रक्ताच्या गुठळीचा अंदाज घ्यायला करतात ती ही रक्ततपासणी. मोबाइलवरच्या रिपोर्टात ठळक अक्षरांत १२०० दिसले की घरच्यांचा धीर सुटतो. मग तीच तपासणी रोज सांगितली जाते आणि जे रोज पाहायला हवे ते राहून जाते.

भीती खोटी नाही. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, दाहामुळे रक्त लवकर गोठू लागते आणि अंथरुणाला खिळल्याने पायांतले रक्त संथ होते. तिन्ही कारणे एकाच रुग्णात एकत्र येतात. पायातली मोठी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. गंभीर कोविडमध्ये तर फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांतच गुठळ्या धरतात आणि पायात अनेकदा काहीच सापडत नाही.

पण डी-डायमर म्हणजे फायब्रिनची, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची, जाळी विरघळताना सुटणारा तुकडा. ही जाळी न्यूमोनियात, शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात, कर्करोगातही तयार होते. त्यामुळे दाखल रुग्णात आकडा वाढलेला असणे यात नवल नाही. त्याचा खरा उपयोग गुठळी नाकारण्यासाठी आहे: लक्षणांवरून शक्यता कमी वाटते आणि आकडा ५०० च्या आत आहे, तर गुठळी बहुतेक नाहीच. पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरतात, म्हणजे सत्तरीला ७००. हे सगळे आकडे ‘एफईयू’ या एककातले, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. काही प्रयोगशाळा ‘डीडीयू’मध्ये रिपोर्ट देतात, तिथला २५० म्हणजे इथला ५००. प्रयोगशाळा बदलली म्हणून ‘एका रात्रीत दुप्पट’ झालेला डी-डायमर पाहून उपचार बदलणे धोक्याचे आहे. एकक वाचल्याशिवाय आकडा वाचूच नये.

दाखल होतानाच धोका मोजायला पाडुआसारखी गुणपद्धती पुरते. तीव्र संसर्गाला १ गुण, श्वसन निकामी होत असल्यास १, किमान तीन दिवस अंथरुणातच राहावे लागणार असेल तर ३. झाले ५, आणि ४ पासून पुढे धोका जास्त मानतात. पूर्वी गुठळी झालेली असणे किंवा सक्रिय कर्करोग, यांचे प्रत्येकी ३ गुण वेगळेच.

नंतर रोजचे काम. पांघरूण बाजूला करून दोन्ही पाय उघडे पाहायचे. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, एकाच पायाला सूज किंवा दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या प्रोबने जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर दाबून पाहतात. निरोगी शीर दाबल्यावर पूर्ण मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. ऑक्सिजनची गरज अचानक वाढली, नाडी धावू लागली आणि एक्स-रे मात्र कालसारखाच आहे, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन काढण्याचा विचार करावा. मूत्रपिंड कमजोर असेल तर या स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या औषधाचा धोका तोलावा लागतो. लक्षणे नसताना सरसकट सर्वांची सोनोग्राफी मात्र नको. तीत सापडलेल्या एखाद्या बारीक गुठळीसाठी रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची पूर्ण मात्रा सुरू होते आणि रुग्ण रक्तस्रावाने अडचणीत येतो.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती चुकलेल्या इंजेक्शनांची. गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन (हेपारिनचाच एक प्रकार, रक्त गोठू न देणारे औषध) ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ‘चालता-फिरता आहे’, ‘रुग्ण नको म्हणाला’ असे लिहून दोन-तीन डोस सहज सुटतात. इंजेक्शन बेंबीपासून ५ सेंटिमीटर दूर, चिमटीत धरलेल्या चरबीत सरळ टोचावे. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये आणि नंतर जागा चोळू नये, चोळल्यास काळेनिळे पडते. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ३० च्या खाली गेल्यास मात्रा कमी करावी किंवा साधे हेपारिन द्यावे. पाचव्या ते दहाव्या दिवसात प्लेटलेट्स निम्म्यावर आल्या, तर हेपारिनचीच प्रतिक्रिया असू शकते.

आणि आकडा पाहून मात्रा चढवण्याबद्दल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत अतिदक्षता विभागाबाहेरच्या कोविड रुग्णांना हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा दिसला. अतिदक्षतेतल्या रुग्णांना तो दिसला नाही. तेव्हा जितका आजार गंभीर तितके हेपारिन जास्त, हे गणित चुकीचे आहे. फ्लूच्या रुग्णाला हाच निष्कर्ष डोळे मिटून लावणेही बरोबर नाही.

घरी सोडताना नातेवाइकांनी एवढे विचारून घ्यावे: रक्त गोठू न देणारे औषध पुढे घ्यायचे आहे का, किती दिवस, आणि एक पाय सुजला किंवा दम लागला तर कुठे यायचे. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका