३० एप्रिल : ग्रामजयंती यंदा घरोघरी

जय गुरुदेव. वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत झाला. नागपूरचं ऊन पाहता यंदा मंडप, मिरवणूक नाही. जयंती आपापल्या घरी.

सकाळी ऊन चढायच्या आत अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडून सडा-रांगोळी करावी. महाराजांना हारतुऱ्यांपेक्षा खराटाच प्रिय, म्हणून हे काम टाळू नये. दिवेलागणीला घरातल्या सर्वांनी मिळून सामुदायिक प्रार्थना म्हणावी. खंजिरी असेल तर जरूर काढावी, नसेल तर टाळ्या. नंतर ग्रामगीतेचा एक अध्याय लेकरांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. अडखळली तरी मध्येच टोकू नये, ओवी त्यांच्या तोंडात बसू द्यावी. शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवा. प्रसादाला गूळ-शेंगदाणे पुरेत.