श्रेयनामावलीवर सबटायटल नको

मा. संपादक,

सांगलीतील फिल्म क्लबांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’ (१९६६) जरूर दाखवावा. पण आधी रे ब्रॅडबरींची ‘द फायरमन’ ही १९५१ ची लघुकादंबरी सभासदांना वाचायला द्यावी. तिचाच विस्तार होऊन १९५३ मध्ये या चित्रपटाची मूळ कादंबरी आली. कथेतल्या पुस्तके जाळणाऱ्या राजवटीत छापील शब्दाला जागा नाही, म्हणून त्रुफोने श्रेयनामावली लिहून दाखवलीच नाही. ती फक्त ऐकू येते, पडद्यावर दिसतात छपरांवरचे अँटेना. किती नेमका विचार! तिथे मराठी सबटायटल चढवले की सगळेच वाया; नावांचा कागद आधीच हाती द्यावा. कादंबरीतला यांत्रिक शिकारी कुत्रा मात्र चित्रपटात नाही, त्याची उणीव जाणवते.

एक तांत्रिक बाब. सेकंदाला २५ फ्रेमच्या (स्थिरचित्रांच्या) प्रतीसाठी केलेली सबटायटल फाइल २४ फ्रेमच्या प्रतीला लावली, तर ११२ मिनिटांच्या या चित्रपटात शेवटी संवाद सुमारे साडेचार मिनिटे आधीच दिसतात. नुसती सुरुवात सरकवून भागत नाही. फाइलमधली प्रत्येक वेळ १.०४१७ ने गुणावी.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली