सर्व्हरचे शेवटचे बिल देण्याआधी

संपादक महोदय,

‘आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, काळजी नाही,’ असे पतसंस्थांचे आणि महाविद्यालयांचे पदाधिकारी छातीठोकपणे सांगतात. सांगली-कोल्हापूर भागातल्या अशाच संस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चांगलीच आहे, पण ती बसवणारा ठेकेदार काय करून जातो हे या मंडळींनी एकदा बघावे.

मध्यंतरी एका महाविद्यालयाचा प्रवेशाचा सर्व्हर माझ्याकडे आला. एसईलिनक्स हे लिनक्समधले सुरक्षा-कवच चालू आहे का ते सांगणारी ‘गेटएनफोर्स’ ही आज्ञा टाइप केली. उत्तर आले, ‘डिसेबल्ड’, म्हणजे बंद. वेबसाइटमधून कोणी आत शिरलाच, तरी त्याला बाकीच्या फाइलींना हात लावू न देणे हे एसईलिनक्सचे काम, आणि नेमके तेच बंद! विद्यार्थ्यांचे फोटो अपलोड होईनात म्हणून बंद केले असणार, कारण फोटोंच्याच फोल्डरला ७७७ परवानगी दिलेली होती: कोणीही वाचा, लिहा, चालवा. फोटो चढले, बिल निघाले, विषय संपला. रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, लॉगिनही बाहेरून नुसत्या पासवर्डवर उघडे. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ (रूटचा पासवर्ड चुकला) ही ओळ दर काही सेकंदांनी, रात्रभर. या महाविद्यालयावर कोणाचा डोळा होता असे नाही. इंटरनेटवर दिसेल त्या सर्व्हरवर असे पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात.

दुरुस्तीला फार पैसे लागत नाहीत. रूटचे थेट लॉगिन बंद, पासवर्डऐवजी एसएसएच की (दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली), फायरवॉलमध्ये लागतील तेवढेच पोर्ट (जोडणीचे दरवाजे) उघडे. एसईलिनक्स मात्र एकदम कडक करू नये. आधी ‘परमिसिव्ह’ (अडवायचे नाही, नुसते नोंदवायचे) ठेवून काय काय अडले असते ते ऑडिट लॉगमध्ये बघावे, तेवढे नियम नीट करावेत, मग ‘एनफोर्सिंग’, म्हणजे खरोखर अडवणे. (उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात याच कामाला अ‍ॅपआर्मर असते.) हे चिकाटीचे काम आहे, आणि ठेकेदाराला कंटाळा येतो तो याचाच.

लॉगचीही तीच गत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत. रेड हॅट कंपनीच्या घराण्यातले लिनक्स आपणहून चारच आठवड्यांचे ठेवते, आणि तो आकडा बदलायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच घराण्यातल्या सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, तरी ते बऱ्याच ठिकाणी बिनघोर चालू आहे.

संस्थांनी या गोष्टी निविदेतच लिहाव्यात आणि काम ताब्यात घेताना ठेकेदाराला शेजारी बसवून एकेक तपासून घ्यावी. तोवर शेवटचा हप्ता देऊ नये.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिन, मिरज