विषय : लाकडी स्फटिक नमुन्यांच्या पेटीतला २३ नंबर चुकीचा, बदलून देणे

व्यवस्थापक,

आज तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही.

२३ नंबर म्हणजे पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा स्फटिक, बारा पंचकोनी फलकं. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आयुईच्या नाशपातीच्या लाकडातल्या नमुन्यांबरहुकूम, असं तुमच्याच पत्रकात छापलंय. पायराइटच्या पंचकोनाच्या चार कडा सारख्या आणि पाचवी लांब असते. लांब कडेवर गोनिओमीटर, म्हणजे दोन फलकांमधला कोन मोजायचं उपकरण, सुमारे १२७ अंश दाखवतो, बाकीच्यांवर ११३-११४. तुमच्या नमुन्याच्या तीसही कडा मी मोजल्या. सगळीकडे ११६-११७!

छोटे घन रचत, दोन घन आत सरून एक थर चढत हा आकार कसा उभा राहतो, ते आयुईने १८०१ च्या ग्रंथात दाखवलंय. त्या रचनेतून पाचही कडा सारख्या असलेला पंचकोन निघतच नाही. हा नमुना ठेवायचा तोच मुळी हे शिकवायला.

आणि तुमचा माणूस मला काय सांगतो? "सर, फोटो पाहिला, फिनिशिंग ए-वन आहे. सगळ्या कडा सारख्या आहेत की." म्हटलं, अहो, सारख्या आहेत हीच तक्रार आहे. सात मिनिटं होल्डवर. मग म्हणे, "आधीच्या लॉटमध्ये कडा लहानमोठ्या यायच्या, नवीन बॅचमध्ये ते करेक्ट केलंय." करेक्ट केलंय! बरोबर होतं ते बिघडवलंत आणि वर मलाच समजावता? शेवटी म्हणाला, "सर, पोरांना एवढं कुठे कळतंय?"

पोरांनाच कळलं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आमच्या कपाटातला बोराएवढा खरा पायराइट नमुन्याशेजारी धरला, दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सर, यातली लांब कड कुठे गेली?" वर्गासमोर मी काय उत्तर द्यायचं होतं?

तीस कडा, आणि एकही बरोबर नाही. वाईट याचं वाटतं की आमची जुनी पेटीही तुमचीच. तिचे कोपरे झिजलेत, पॉलिश उडालंय, पण कोन आजही जुळतात. त्या भरवशावर मी प्राचार्यांकडे तुमचंच नाव धरून बसलो होतो.

पंधरा दिवसांत बरोबर कोनांचा नमुना पाठवा आणि याच बॅचच्या पेट्या ज्या कॉलेजांत गेल्या त्यांनाही लेखी कळवा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो. चुकीचा २३ नंबर परत मागू नका, तो पुरावा म्हणून माझ्याकडेच राहील.

भूशास्त्र विभागप्रमुख