मोहोर खुडायची वर्षं

मस्कत,
गुरुवार, रात्र

चि. सुहास,

प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. कलमं लावून झाली, पाऊस बरा आहे, दृढीकरण (आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करायचा विधी) झाल्यावर रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला घेतलंस आणि त्यातल्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, गाडी रुतली, हे कळलं. तरुण संघाची प्रार्थनासभा तूच चालवावीस असा आग्रह चाललाय. तुलाही ते हवंसं वाटतंय, हे तू लिहिलं नाहीस तरी कळलं. उद्या शुक्रवार, इथली उपासना उद्याच असते. तोवर हे पत्र लिहून संपवते.

आधी लेवीय. रुतलास यात नवल नाही. वर्षात अख्खं शास्त्र वाचायचं म्हणजे १,१८९ अध्याय, रोज सव्वातीन. पहिलं पुस्तक उत्पत्ती गोष्टींच्या ओघात सरतं, दुसऱ्याचा, निर्गमाचा, अर्धा भागही. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, पडदे, कड्या सुरू होतात आणि ३५ ते ४० मध्ये बरंचसं तेच परत येतं. मग लेवीयचे २७. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा-सात अध्याय, तिसऱ्या दिवशी दहा. मग माणूस वाचत नाही, थकबाकी फेडतो, आणि शेवटी बुडवतो. दोष लेवीयचा नाही रे, मापाचा आहे.

तरी सोडण्याआधी त्यातल्या १९व्या अध्यायाची २३ ते २५ ही तीन वचनं तेवढी वाच. कनान देशात फळझाड लावलंत की पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. चौथ्या वर्षाचं परमेश्वराला, पाचव्या वर्षी तुम्ही खा. आता मळ्यात जाऊन तुझी हापूसची कलमं बघ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ती मोहोर काढतील, कारण कलमकाडी फळत्या, जुन्या झाडाची असते. काडी वयात आलेली, मुळं मात्र कालच्या कोयीची. तो मोहोर ठेवला तर झाडाची सगळी ताकद चार कैऱ्यांत जाते, खोड बारीक राहतं, फांद्यांचा सांगाडा होत नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षं मोहोर हाताने खुडायचा. नवा माणूस इथेच कच खातो. पहिला मोहोर खुडायला हात धजत नाही.

तुझंही तसंच आहे. रागावू नकोस. तुझ्या प्रार्थनेची भाषा आजीची आहे. "हे दयाळू स्वर्गीय पित्या"पासून "आमेन"पर्यंत सगळं तिच्या तोंडून उचललेलं, जुन्या झाडाची काडी. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा किती परिपक्व! मुळं किती खोल गेलीत ते त्यांना दिसत नाही, तुला दिसतं. प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, नाहीतर गर्वाने फुगेल (१ तीमथ्य ३:६). तिथल्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थच "नुकताच लावलेला" असा आहे. तुला कोणी अध्यक्ष करत नाहीये हे खरं, पण सभा चालवणं त्याच वाटेवरचं आहे. तेव्हा सध्या चटया घाल, पेटी वाजव, शास्त्रपाठ स्पष्ट वाच. बोलायचं काम दोन-तीन वर्षं दुसऱ्याला करू दे.

आता वाचायचं कसं ते. मार्क घे. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत तो सर्वांत लहान: १६ अध्याय, ६७८ वचनं. रोज दहा-बारा वचनं, परिच्छेद संपेल तिथे थांबायचं. दोन-सव्वादोन महिन्यांत, म्हणजे पावसाळ्यातच, होईल. मळ्यात जायच्या आधीची पंधरा मिनिटं पुरेत. छापील शास्त्र घे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मोबाइलवर वचन वाचता वाचता वरून मेसेज उतरतो आणि पेरणाऱ्याच्या दाखल्यातले पक्षी पेरलेलं बी कसं टिपून नेतात ते तिथल्या तिथे कळतं. पहिल्यांदा मोठ्याने वाच. दुसऱ्यांदा हळू, पेन्सिल घेऊन, फक्त क्रियापदांना गोल कर. तिसऱ्यांदा मनात. मग वहीत तारीख, संदर्भ आणि एकच ओळ: इथे काय घडतं? "मला काय वाटलं" हे पहिले दोन महिने लिहायचंच नाही. खाली त्याच उताऱ्यातला एखादा शब्द घेऊन एका ओळीची प्रार्थना.

मार्क ४:२६-२९ वर करून दाखवते. हा दाखला फक्त मार्कमध्ये आहे. माणसाच्या वाट्याची क्रियापदं मोज: बी टाकतो, झोपतो, उठतो, शेवटी विळा घालतो. मधलं सगळं, म्हणजे रुजणं, वाढणं, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, हे जमीन आपोआप करते आणि ते कसं होतं हे त्याला कळतही नाही. वहीत ओळ आली: "वाढवणं त्याच्या क्रियापदांत नाही." प्रार्थना: "प्रभू, आज मला टाकू दे आणि झोपू दे." झालं. रोज रोज तरवा उपटून मूळ धरलं का बघणाऱ्याचं भात काय होतं ते तुला मी सांगायला नको. "दोन महिने वाचतोय पण काहीच जाणवत नाही" हे तुझं वाक्य त्यातलंच आहे.

एखादा दिवस चुकला तर भरून काढायचा नाही. तो गेला. आजचा उतारा आज. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, आणि शिस्तीच्या माणसाला तोच सगळ्यांत जड जातो.

रात्री आजीजवळ बसून ११९वं स्तोत्र वाच, एका रात्री आठच वचनं. हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराची आठ वचनं, एकूण १७६. एका कडव्यातली आठही वचनं मुळात एकाच अक्षराने सुरू होतात, बहुधा पाठ करायला सोपं जावं म्हणून. आपल्या भाषांतरात ते दिसत नाही, पण माप आयतं मिळतं. २२ रात्री झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

एक सावधगिरी. कलम जगलं की कधी कधी जोडाच्या खालून रायवळाचा, म्हणजे खालच्या कोयीच्या साध्या आंब्याचा, फुटवा येतो. तो वेळेत काढला नाही तर वरचा हापूस मरतो आणि आपण रायवळाला पाणी घालत बसतो. "हाच आपला जुना स्वभाव" असं म्हणून पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायाशी तो जोडायचा मोह होतो. जोडू नकोस. पौलाचं कलम आपल्या उलट आहे: रानटी काडी चांगल्या जैतुनावर. ते निसर्गाविरुद्ध आहे हे तो स्वतःच २४व्या वचनात म्हणतो. तिथे मूळ पवित्र आहे आणि रानटी आपण आहोत. म्हणूनच तो बजावतो की मूळ तुला उचलून धरतं, तू मुळाला नाही. दाखला कितीही आपल्या मातीतला वाटला तरी आधी वचन काय म्हणतं ते बघायचं.

तुझ्या स्टेटसवरच्या, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चंही तेच. हिताचे संकल्प, आशा, सगळं खरं. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेहून बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेलं, इ.स.पू. ५९७ नंतरचं. मी परदेशातून घरी लिहिते, यिर्मयाने घरून परदेशी लिहिलं. मागचा २८वा अध्याय वाच. खोटा संदेष्टा हनन्या म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाच्या पत्रात अकराव्याच्या आधी दहावं वचन आहे: सत्तर वर्षं. आणि पाचव्यात: घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. हनन्यावर विश्वास ठेवणारा झाड कशाला लावेल? पाचव्या वर्षापर्यंत तो तिथे नसणारच. लेवीयचा नियम कनानसाठी होता, बाबेलसाठी नव्हे, कबूल. पण झाडाला देश कळत नाही. ज्यांनी सत्तर वर्षांचं पत्र खरं मानलं, तेच खड्डा खणायला उठले असतील. शास्त्रात विश्वासूपणासाठी येणारा हिब्रू शब्द आणि "आमेन" हे एकाच धातूचे आहेत. अर्थ टिकणं, पक्कं राहणं.

कलमांचं राहिलं. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर जोड पक्का झालेला बघून ब्लेडने उभी काप, ओढू नकोस. राहिली तर खोड जाड होताना तिथेच काचतं आणि वाऱ्यात नेमकं जोडावर मोडतं. जोड मातीखाली गेला असेल तर माती बाजूला कर. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूने, बांधायला सुंभ, आणि सैल.

आजीला मोठ्या अक्षरांचं स्तोत्रसंहितेचं पुस्तक पाठवतेय, येणाऱ्या माणसाबरोबर. तोवर तूच वाच, तिच्या उजव्या बाजूला बसून. त्याच कानाने तिला नीट ऐकू येतं. दादा-वहिनींना सलाम.

तुझी,
आत्या