पोरांच्या जेवणाचं काय करायचं म्हणतोस, तर ऐक

नागपूर
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

तुझा तो भला मोठा व्हॉइस मेसेज पूर्ण ऐकला. तू विचारलं की बे तुम्ही दोघंही नोकरीवर, मग पोरांना रोज काय खाऊ घालता, काही झटपट आणि हेल्दी रेसिपी असतील तर पाठव. रेसिपी नाही पाठवत. रेसिप्या तुझ्या फोनमध्ये ढीगभर सेव्ह असतील आणि त्यातली एकही तू केली नसशील, कारण त्याला लागणारं सामान घरात नसतं आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून साडेसातला घरी पोचलेल्या माणसाला नवीन काही शिकायचं सुचत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, लहानपणी आपल्या घरी दमून आल्यावर जे पटकन व्हायचं तेच आजही सगळ्यात फास्ट आहे, फक्त त्यातलं तिखट शेवटी टाकायचं.

म्हणजे कसं, आपली भाजी म्हणजे आधी तेल, मग लाल तिखट, मग बाकी सगळं. पोरांनी ते खाल्लं नाही की त्यांच्यासाठी वेगळं शिजवा, आणि वेगळं शिजवायला वेळ नाही म्हणून मग मॅगी नाहीतर बिस्किट. आमच्याकडे आता उलट चालतं. डाळभाजी करायची तर तुरीची डाळ, पालक, थोडे शेंगदाणे, हळद, मीठ एवढंच कुकरमध्ये, शिट्ट्या झाल्या की घोटून पोरांच्या वाट्या आधी काढायच्या, वर तूप, आणि मग राहिलेल्यात लसूण-लाल मिरचीची कडक फोडणी आपल्यासाठी. एकच भांडं, दोन स्वयंपाक. वांग्याचं भरीत, कढी, झुणका, सगळ्याला हे चालतं. (सावजी रस्स्याला नाही चालत, तो रविवारी पोरं झोपल्यावर.)

कुकरचे डबे वापरतोस का नाही? खाली डाळ, मधे भात, वरच्या डब्यात बटाटा, गाजर, बीट जे असेल ते फोडी करून. हातपाय धुवून कपडे बदलेपर्यंत शिट्ट्या होतात. गाजर-बटाटा कुस्करून बारक्याच्या वरणभातात गेला की त्याला पत्ताही लागत नाही, आणि मोठीला तेच तुकडे मीठ-जिरेपूड-लिंबू लावून चाट म्हणून दे.

आता उकडपेंडी. तुझ्या आजीच्या हातची आपण शाळेतून येऊन खायचो ती, पुण्यात बहुतेक कोणाला माहीत नाही. जाडसर कणीक नाहीतर ज्वारीचं पीठ आधी खमंग भाजून ठेव, हे काम रविवारी करून डब्यात भरलं तर आठवडाभराची सोय. मग रोजच्याला फक्त तेलात मोहरी, हिंग, कांदा, हळद, त्यात पीठ, वरून ताकाचा हबका, झाकण ठेवून वाफ, संपलं. तेलात कंजूषी नको करू, कोरडी झाली तर पोरांच्या घशाखाली उतरत नाही. वर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, बाजूला दही. पंधरा मिनिटांत होते आणि पोट तीन तास शांत राहतं, ब्रेड-जॅमनी ते होत नाही.

वरणफळं तर आमच्याकडे पोरगीच करते, म्हणजे ती कापते. सकाळचं वरण पातळ करून उकळायला ठेवायचं, उरलेल्या कणकेची पोळी लाटायची आणि तिच्या हातात शंकरपाळ्याचं चाक द्यायचं. स्वतः कापलेलं पोरं खातात, हा अनुभव. आकार कसेही होतात, होऊ दे, शिजतात सगळे. त्यात मेथीची चार पानं, टोमॅटो, किसलेला दुधी काहीही ढकल.

मुगाचं धिरडं सकाळच्या डब्यासाठी. रात्री मूग भिजत घाल, सकाळी आलं-जिरं टाकून मिक्सरमधून काढ, फ्रिजमध्ये दोन दिवस पीठ राहतं. इथे गोकुळपेठेच्या मार्केटात हिवाळ्यात तुरीचे सोले, म्हणजे ओले हिरवे दाणे, आले की मी जास्तीचे घेतो आणि फ्रीझरमध्ये पिशव्या भरून ठेवतो, मग सोलेभात म्हणजे नुसतं कुकर लावणं. दिवाळीनंतर आलास की तुझ्यासाठी पण घेऊन ठेवतो, रेल्वेने नेता येतील, वितळले तर वितळले, घरी गेल्या गेल्या शिजवून टाकायचे.

एक गोष्ट थोडी सिरियसली घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांपैकी जवळपास ६९ टक्के पोरांमध्ये रक्त कमी निघालं. आणि हे फक्त गरीब घरांत असतं असं समजू नको, दूध-बिस्किटावर वाढणारी खात्यापित्या घरची पोरंही त्यात येतात, कारण दुधात लोह जवळपास नसतंच आणि दुधानी पोट भरलं की पोरगं जेवत नाही. पालक, डाळ, ज्वारी, बाजरी यातलं लोह अंगी लागायला सोबत व्हिटॅमिन सी पाहिजे, म्हणून वरणावर लिंबू पिळ, जेवणाबरोबर संत्र दे. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा तर प्रश्नच नाही, बाकीचे महिने पेरू, आवळा, लिंबू. आणि आजोबांच्या कपातला चहा बारक्याला चाखवतात ना तुमच्याकडे, तो जेवणाच्या वेळी तरी बंद कर, चहानी लोह नीट शोषलं जात नाही.

त्या चॉकलेटी पावडरींचं पण तू विचारलं. २०२४ मध्ये सरकारनेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या कप्प्यात दाखवू नका, यावरून काय ते समज. डब्याच्या मागे साखर किती ते वाच आणि मग ठरव. माझ्या मते तेवढ्या पैशात खारीक आणि शेंगदाणे येतात. पण बारक्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं अजून दोन-तीन वर्षं नको देऊ, घशात अडकतात. कूट करून दे, द्राक्षं उभी चिरून दे.

तुझा खरा लोचा मला वेगळाच वाटतो. पोरांना भूक साडेसहाला लागते आणि तुमचं ताट नऊला पडतं. मधे जे मिळेल ते खाऊन त्यांचं पोट भरतं आणि मग वहिनी ताट घेऊन मागे फिरतात. तर ती साडेसहाची भूक हेच त्यांचं जेवण समज ना. पाळणाघरातल्या मावशींकडे सकाळीच डबा देऊन ठेव, उकडलेलं अंडं, धिरडं, गूळ-तुपाची पोळी, राजगिऱ्याचा लाडू, केळं. रात्री तुमच्याबरोबर बसून दोन घास खाल्ले तर खाल्ले, नाही तर नाही. आमच्याकडे हे केल्यापासून रात्रीची भांडणं एकदम कमी झाली, बायकोशी होणारी पण.

आणि नवीन भाजी एकदा थुंकली म्हणून सोडून देऊ नको. आठ-दहा वेळा ताटात दिसली की मग हात लावतात. आमच्या पोरीने भेंडीला कितीतरी महिने नाक मुरडलं, आता तीच मागते. ओरडलास की संपलं, मग ती भाजी दुश्मन होऊन जाते.

डब्यात दहीभात देशील तर एक कर, सकाळी भातात दूध जास्त आणि दही चमचाभरच घाल, दुपारपर्यंत बरोबर लागतं, आंबट होत नाही. मात्र हे थंडी-पावसाचं. इथे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा भाताचा डबा मी देतच नाही, सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून घरीच खाऊ घालतो. तुमच्याकडे एवढं ऊन नाही, तरी रात्रीचा उरलेला भात ओट्यावर नको ठेवू, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये, कारण बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू जे विष करतात ते परत गरम करूनही जात नाही.

बाकी रविवारी तासभर काढ, जास्त नाही. पीठ भाजणं, खोबरं-दाण्याचं कूट, आलं-लसूण वाटून ठेवणं, मेथी निवडणं. मेथी मॅच बघता बघता निवड, मोठीला सोबत बसव, निम्मी पानं खाली सांडेल, सांडू दे.

आईला तुझ्या मी काल भेटलो इथल्या महाल भागात, ठणठणीत आहे, तुझ्यासाठी थालीपिठाची भाजणी दळून ठेवली म्हणाली, माझा भाचा पुढच्या आठवड्यात पुण्याला येऊन राहिला त्याच्याजवळ पाठवतो. स्टेशनवर घ्यायला जा, तो काही हिंजवडीपर्यंत येणार नाही. वहिनींना नमस्कार, आणि बारका काय काय थुंकतो त्याची लिस्ट पाठव, मग बघू.

तुझाच,
पक्या